अन्ननलिकेतील गाठ आणि तिचे नाव



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून गावोगावच्या मालांत विद्वानांची रांग लागत आली आहे. त्या रांगेत आमच्यासारखा माणूस क्वचितच उभा राहतो. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण इचलकरंजीच्या मागांवर आणि रात्री वाचनालयाच्या बाकावर झाले. चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा मजुरी, बोनस किंवा कामगार कायदा यांपैकी काही आम्ही सांगू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही सांगितले, "अन्ननलिकेत होणाऱ्या दुर्मिळ गाठी." ते थोडा वेळ आमच्याकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, प्रकृती ठीक आहे ना?"

प्रकृती ठीक आहे. आणि आम्ही डॉक्टर नव्हे, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोणाला औषध सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आमच्या संघटनेतल्या दोन माणसांच्या घशाखाली घास अडकला. एकाच्या बाबतीत आम्ही घाई करून चुकलो, दुसरीच्या बाबतीत दिरंगाई करून चुकलो. पहिली चूक निभावली, दुसरी निभावली नाही. त्यानंतर ह्या विषयावर जे हाती लागले ते आम्ही वाचले, जे समजले नाही ते डॉक्टरांच्या दाराशी बसून विचारून घेतले. ते आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पहिली हकीकत २०१७ सालची. आमच्या एका कारखान्यात एक जॉबर होते. वय बेचाळीस, अंगापिंडाने धडधाकट. सात-आठ महिने त्यांना भाकरी गिळताना छातीच्या मध्यभागी काहीतरी अडल्यासारखे वाटे. वर घोटभर पाणी घेतले की घास खाली जाई. अखेर एका ठिकाणी त्यांना खडूच्या निवळीसारखे पांढरे औषध पाजून क्ष-किरणाचे चित्र काढण्यात आले. चित्रात अन्ननलिकेच्या एका बाजूला फुगवटा दिसला. चित्र हातात देणाऱ्या माणसाने मान हलवली आणि म्हटले, "कॅन्सर दिसतोय." तो माणूस डॉक्टर होता की कारकून, हेही जॉबरांनी विचारले नाही. ते सरळ घरी आले, जमिनीचे कागद काढून बसले आणि आम्हांला म्हणाले, "भाऊ, तेवढं थोरलीचं लगीन उरकून घेतो. मग सुटलो."

आम्ही काय केले म्हणाल? आम्ही संघटनेच्या कार्यालयात बसून 'कुटुंबसाहाय्य निधी' अशी पावतीपुस्तके छापून घेतली. माणूस जिवंत, चालता-बोलता, मागाची दुरुस्ती करतो आहे, आणि आम्ही त्याच्या मागे राहणाऱ्यांची सोय लावतो आहोत! हेतू चांगला होता. पण चांगल्या हेतूनेही माणसाला जिवंतपणी सरणावर ठेवता येते.

आता अन्ननलिका म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. घशापासून जठरापर्यंत जाणारी ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी मोठी. घास आपल्या वजनाने खाली पडतो असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. ही नळी स्नायूंची आहे आणि ती घासाला वरून खाली ढकलत नेते. म्हणून आडवे पडलेल्या माणसालाही गिळता येते. नळीचा आडवा छेद घेतला तर एकावर एक थर दिसतात. सर्वांत आत मऊ अस्तर. त्याच्याखाली सैल थर, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. त्याच्या बाहेर स्नायूंचे दोन थर: आतला नळीला वेढे घालणारा, बाहेरचा उभा.

हे थर ध्यानात ठेवावेत, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे. अन्ननलिकेचा जो कर्करोग आपण ऐकतो, तो आतल्या अस्तरातून उगवतो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक अस्तराच्या चपट्या पेशींचा. आपल्या देशात हा अधिक आढळतो, आणि तंबाखू व दारू ही त्याची मोठी कारणे आहेत. दुसरा ग्रंथींच्या पेशींचा. वर्षानुवर्षे जठरातले आम्ल वर येत राहिल्याने आणि स्थूलपणाने त्याचा धोका वाढतो. अन्ननलिकेच्या मारक गाठींपैकी शंभरात पंचाण्णवांहून अधिक ह्या दोन प्रकारांतल्या असतात. जागतिक मोजणीप्रमाणे २०२२ साली जगात ह्या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसे त्याने दगावली. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे 'अन्ननलिकेत गाठ' हे शब्द ऐकताच माणसाचे हातपाय का गळतात ते कळते.

पण अस्तराखालच्या थरांतूनही गाठी उगवतात. त्या थोड्या असतात, त्यांची नावे कोणी ऐकलेली नसतात, आणि त्यांचा स्वभाव अगदी निराळा असतो. जॉबरांची गाठ त्यांपैकी निघाली.

आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने हट्ट धरला, म्हणून जॉबरांना मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे दुर्बिणीची नळी घशातून आत घालून पाहिले. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, पण वरचे अस्तर गुळगुळीत आणि शाबूत आहे. त्यांनी तपासणीसाठी तुकडा घेतला नाही. झाले! आमच्यातला कामगारपुढारी जागा झाला. "गरीब म्हणून तुकडा घेतला नाही काय?" असे आम्ही चार माणसांत विचारले, आणि आवाज जरा चढवूनच विचारले. त्या डॉक्टरांनी आम्हांला बसवून घेतले आणि कागदावर तेच थर काढून दाखवले, जे आत्ता आपल्याला सांगितले. गाठ स्नायूच्या थरात आहे. वरवर चिमटा घेतला तर हाती नुसते अस्तर येईल, गाठ येणार नाही. शिवाय त्या जखमेचा व्रण गाठीला चिकटून बसला, तर पुढे गाठ सोडवून काढणे अवघड जाईल. म्हणून आधी दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे यंत्र असते त्याने थर पाहावयाचे. आम्ही खाली मान घातली. ज्याच्याशी भांडावयाचे नाही त्याच्याशी भांडण्याची कला आमच्याइतकी कोणाला साधलेली नसेल.

त्या गाठीचे नाव लायोमायोमा. म्हणजे गुळगुळीत स्नायूची सौम्य गाठ. अन्ननलिकेतल्या सौम्य गाठींत हीच सर्वांत जास्त, साधारण तीनांत दोन. ती बहुधा नळीच्या खालच्या दोनतृतीयांश भागात, तरुण आणि मध्यमवयीन माणसांत, बायकांपेक्षा पुरुषांत अधिक आढळते. ती फार सावकाश वाढते आणि तिचे कर्करोगात रूपांतर होणे जवळजवळ नाहीच. लहान असून त्रास देत नसेल तर डॉक्टर तिच्यावर नुसते लक्ष ठेवतात. त्रास देत असेल तर स्नायूचे धागे बाजूला सारून ती सालीतून बी काढावी तशी सोडवून काढतात. पुष्कळदा नळी कापावीही लागत नाही. जॉबरांची गाठ मोठ्या लिंबाएवढी होती. ती काढली. आमच्या पावतीपुस्तकांवर रबरी शिक्का मारून 'कुटुंबसाहाय्य' खोडले आणि 'उपचार' असे केले. तीन महिन्यांनी जॉबर पुन्हा मागाशी उभे राहिले. थोरलीचे लग्नही पुढे रीतसर झाले आणि आम्ही पोटभर जेवलो. त्यांनीही जेवले, भाकरीसकट.

ही झाली एक. अस्तराखालच्या इतर काही गाठी आता पाहू. मज्जातंतूंना जे वेष्टन असते त्याच्या पेशींतून दाणेदार पेशींची एक गाठ होते. १९२६ साली रशियातील अब्रिकोसॉफ ह्या शास्त्रज्ञाने अशा गाठींचे वर्णन केले. ती बहुधा सौम्य आणि लहान असते. दुसरी, नळीच्या वरच्या टोकापासून आत लोंबणारी लांब गाठ. चरबीची आणि तंतूंची ही गाठ एखाद्या वेळी खोकल्याबरोबर तोंडात येते आणि श्वासनलिकेवर बसली तर माणूस गुदमरतो. तिला वर्षानुवर्षे सौम्य म्हणत आले. पण अलीकडे पेशींतील जनुके तपासू लागल्यावर त्यांतल्या बऱ्याच गाठी चरबीच्या मंद कर्करोगाच्या निघाल्या. म्हणजे जुने नावही पुन्हा तपासून घ्यावे लागते.

उलट बाजूच्याही आहेत. लहान पेशींचा कर्करोग फुप्फुसात होतो हे माहीत होते. तो मूळचा अन्ननलिकेतही होतो हे १९५२ साली नोंदवले गेले. तो झपाट्याने पसरतो, त्यामुळे नुसत्या शस्त्रक्रियेने भागत नाही, औषधे आणि किरणोपचार यांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते. मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग कातडीचा म्हणून प्रसिद्ध. तोही फार क्वचित अन्ननलिकेत होतो आणि फार घातक असतो. म्हणजे दुर्मिळ म्हणून सौम्य, असाही हिशेब नाही. सांगावयाचे एवढेच की घास अडण्याची तक्रार एक, पण मागे गाठी अनेक. आणि प्रत्येकीचा उपचार वेगळा. कधी कधी तर गाठच नसते, नळीच्या खालच्या तोंडाचा स्नायू सैल पडत नाही म्हणून घास अडतो.

मग ओळखावयाचे कसे? येथे आमचा धंदा आमच्या मदतीला आला. या सभेत सुतात आयुष्य गेलेली पुष्कळ मंडळी आहेत. सुताचे दोन धागे हातात दिले, एक कापसाचा आणि एक पॉलिस्टरचा, तर चांगला कसबी माणूसही कधी डोळ्यांनी फसतो. मग आपण काय करतो? धाग्याचे टोक काडीने पेटवतो. कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर आकसते, वितळते आणि टोकाला कडक मणी राहतो. वाद संपला. पेशींच्या परीक्षेतही असेच आहे. स्नायूची गाठ आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक गाठ सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना सारखीच दिसतात. तेव्हा त्यांच्यावर निरनिराळी रंगद्रव्ये घालतात. स्नायूच्या गाठीला डेस्मिनचा रंग चढतो. मज्जातंतूच्या वेष्टनाच्या गाठीला एस-१०० चा. आणि त्या तिसऱ्या गाठीला सी-डी ११७ चा.

ही तिसरी गाठ म्हणजे गिस्ट. पचनमार्गाला हालचालीची लय देणाऱ्या काही पेशी आतड्याच्या भिंतीत असतात. स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल, ज्यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांचे नाव त्या पेशींना दिलेले आहे. त्या पेशींच्या कुळातली ही गाठ. जठरात ती अधिक होते, अन्ननलिकेत फारच क्वचित. पूर्वी तिला स्नायूची गाठच समजत. १९८३ साली दोघा अमेरिकन संशोधकांनी शंका काढली की ही निराळी जात असावी. १९९८ साली जपानात हिरोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ह्या गाठीत किट नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्या बिघाडामुळे पेशीला वाढीचा हुकूम सारखा मिळत राहतो. बंद न होणाऱ्या मागासारखेच ते! मग तो माग बंद करणारी कळ सापडली. इमॅटिनिब नावाची गोळी रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार झाली होती. २००० साली फिनलंडमध्ये गिस्टच्या एका रुग्णाला ती दिली गेली आणि तिची गाठ ओसरली. २००२ साली अमेरिकेत गिस्टसाठी ह्या औषधाला मान्यता मिळाली. त्याच्या आधी पसरलेल्या गिस्टला गुण देणारे औषध जवळजवळ नव्हते.

नाव कळण्याची किंमत येथे दिसते. लायोमायोमा म्हटलेल्या गाठीला ही गोळी देऊन काही उपयोग नाही. आणि गिस्टला लायोमायोमा म्हणून सोडून दिले, तर जी गोळी वाचवू शकली असती ती कपाटातच राहते.

आणि आता कामगारपुढाऱ्याला त्याच्या अंगणात येऊ द्या. नाव कळले, औषधही आहे, पण परवडते कोणाला? मूळ कंपनीची गोळी आपल्या देशात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे, आणि देशी कंपन्यांची सुमारे ८ ते १० हजारांना. मूळ कंपनी नोव्हार्टिस हिने भारतात पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ह्या संस्थेने आणि देशी कंपन्यांनी विरोध केला. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण वर चढत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या पीठाने निकाल दिला. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (ड) मध्ये असे म्हटले आहे की माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप काढले, पण त्याने गुण वाढला नाही, तर त्याला पेटंट नाही. त्या कलमावर कंपनीचा दावा फेटाळला गेला आणि स्वस्त गोळी बाजारात राहिली. संशोधनाचा खर्च निघाला पाहिजे, हे कंपन्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. शास्त्रज्ञही कष्टकरीच आहे. पण कायद्याच्या एका ओळीने किती घरांतला दिवा राखला, हे आम्हां पावत्या फाडणाऱ्या माणसांना बरोबर कळते. तेव्हा कलमे वाचण्याचा कंटाळा करू नका, असे आम्ही आमच्या पोरांना सांगत असतो.

आता दुसरी हकीकत. ती आधीची, २०११ सालची. पण सांगताना आम्ही ती मागे ठेवली, कारण ती सांगणे जड जाते.

आमच्यात कांड्या भरणाऱ्या एक बाई होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. वय अठ्ठेचाळीस. मोर्चात पुढे, बोलण्यात पुढे, आणि सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री. एके दिवशी कार्यालयाच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "भाऊ, घास छातीत अडकतोय बघा. भाकरी जात न्हाई, आमटीत कुस्करून खाते." आम्ही मजुरीच्या करारात गुंतलो होतो. मान वर न करता म्हणालो, "वात असेल अक्का. ओवा खा, सोडा घ्या. सवड काढून दवाखान्यात जा." सवड! ज्या बाईची एक दिवस गैरहजेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, तिला आम्ही सवड काढावयास सांगितले. पगारी रजेसाठी भाषणे करणारे आम्ही!

पाच महिन्यांनी त्यांना आमटीही जाईना, तेव्हा तपासणी झाली. ती दुर्मिळ गाठ नव्हती. अस्तरातला तोच नेहमीचा कर्करोग होता, आणि तो नळीबाहेर गेला होता. त्यांना परळच्या टाटा रुग्णालयात नेले. गिरणगावात १९४१ साली उघडलेल्या त्या इमारतीच्या दाराशी कामगारांच्या किती पिढ्या रांगेत उभ्या राहिल्या असतील! तेथे जे करता येण्यासारखे होते ते केले. दिवाळीच्या आधी अक्का गेल्या. पाच महिने आधी नेले असते तर वाचल्या असत्या, असे आम्हांला ठामपणे म्हणता येत नाही. म्हणता येत नाही, हेच आमच्या जिवाला लागून राहिले आहे. ते पाच महिने अक्कांचे होते आणि ते आम्ही एका वाक्यात खर्चून टाकले.

दोन्ही हकीकती शेजारी ठेवून पाहा. जॉबरांना आम्ही तपासणीवाचून मेलेले धरले. अक्कांना तपासणीवाचून बरे धरले. चूक एकच: डोळ्यांनी पाहून नाव ठेवले. सूत पेटवून पाहिले नाही.

म्हणून आमची विनंती थोडी आहे. कोरडा घास अडू लागला, पाण्याशिवाय उतरेना, आणि हे दोन-तीन आठवडे चालले, तर ओवा-सोडा पुरे. दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आधी भाकरी, मग भात, मग पातळ अन्न असे एकेक अडत जाते. शेवटच्या पायरीपर्यंत थांबू नका. वजन उतरत असेल तर मुळीच थांबू नका. गाठ निघाली तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा: गाठ कोणत्या थरात आहे? तुकडा घ्यावयाचा की नाही आणि का? अहवालात गाठीचे पूर्ण नाव काय? रंगाच्या परीक्षा केल्या काय? तुकड्याचे मेणातले ठोकळे आणि काचा जपून ठेवण्यास सांगा. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे झाले तर त्या लागतात. आणि तंबाखू, मिश्री, दारू यांविषयी आम्ही अधिक बोलत नाही. अक्कांचे नाव आमच्याहून जास्त बोलते.

मालकमंडळींपैकी कोणी येथे असतील, त्यांनाही एक सांगणे आहे. तपासणीचा एक दिवस पगारी द्या. आमच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी २०११ पूर्वी नव्हती. आता ती पहिल्या पानावर असते. काही कारखान्यांनी ती मान्य केली आहे. बाकीच्यांशी आमचे बोलणे चालू आहे आणि चालू राहील.

कार्यालयाच्या पायरीवर आजही कोणी येऊन बसते आणि म्हणते, "भाऊ, घास अडकतोय." आता आम्ही हातातले कागद खाली ठेवतो, आधी दवाखान्याची चिठ्ठी लिहितो, बरोबर माणूस देतो, आणि मग कराराचे बघतो. अक्कांना आम्ही एवढेच देणे लागत होतो. ते उशिरा फेडतो आहोत.